साठ मिनिटांची कॅसेट

गंगावेशीत, जिथं म्हशी समोर पिळून
फेसासकट पेला हातात देतात,
तिथल्याच एका गाळ्यात अब्बांचं दुकान.
तराना रेकॉर्डिंग. साडेपाच फूट रुंद.
दोन डेक, एक स्टूल आणि एक पंखा,
जो गाणं भरताना बंद ठेवायचा,
घरघर टेपवर उतरते म्हणून.
उतरत नाही.
हे मला डिप्लोमाला गेल्यावर कळलं,
तोवर कितीतरी उन्हाळे आम्ही उगाच घामाघूम.

गिऱ्हाईकं याद्या आणायची.
लाइटबिलाच्या पाठीवर, पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला,
एकदा तर तंबाखूच्या पुडीवर.
लिहिता न येणारी तोंडीच सांगायची:
'ते हो, त्यात ती टांग्यातनं जाती
आणि मागं वळून बघतच न्हाई.'
'ते, कडवं सरल्यावर बासरी एकटीच ऱ्हाती.'
'माझी भण म्हणायची ते.
तुमाला कसं म्हाईत असणार म्हणा.'
अब्बा डोळे मिटायचे, दोन बोटं हवेत,
आणि बहुतेक वेळा काढायचे शोधून.
बहिणीचं तेवढं सापडलं नाही.
त्या बाई दर दिवाळीला यायच्या गुणगुणून दाखवायला,
दरवर्षी चाल थोडी वेगळी.

माझं काम कार्डावर नावं लिहायचं.
अक्षर चांगलं, वय अकरा.
हजारभर गाण्यांच्या पहिल्या ओळी पाठ,
पुढचं काही ठाऊक नाही.
कोण कुणाची वाट बघत होतं,
आलं का शेवटी,
एवढी जागा कार्डावर नसायची.

तीस मिनिटं ही बाजू, तीस ती.
गाणी काही मापात जन्मत नाहीत,
शेवटी मिनिट-सव्वा मिनिट उरायचंच.
लक्ष्मीपुरीतला दुकानदार ते कोरं सोडायचा.
अब्बा त्यात आणखी एक गाणं लावायचे,
यादीत नसलेलं, स्वतःच्या पसंतीचं,
फुकट.
समोरचा गवळी माप भरल्यावर
वर एक धार सोडतो ना, तसं.
बहुतेकदा तेच एक गाणं.
अर्धं कडवं, मग 'उंबऱ्यापाशी' असा शब्द यायचा, म्हणजे यायला लागायचा.
'उंब...'
आणि खट्ट.

'शिकलगार, शेवटचं तुटतंय बघा.'
'तुटू दे. तेवढ्या पैशात किती बसवू?'
अम्मीला वाटायचं ही धंद्याची युक्ती,
पुरं ऐकायला माणूस परत येईल.
त्यासाठी कुणी आलं नाही.

सदबा गुरव बँडात क्लॅरिनेट वाजवायचा.
त्याची सगळी गाणी आमच्या कॅसेटवरनं उचललेली.
हेही उचललं, जसं होतं तसं.
पापाच्या तिकटीला वरात आली की
क्लॅरिनेट 'उंब'पर्यंत चढायचं
आणि गप्प.
एक श्वासभर रस्ता कोरा. मग ढोल.
लोकांना वाटलं, असंच असतंय ते गाणं.
पोरं त्या जागेवर हात वर करून गोठायची,
नवरदेवाचं घोडंसुद्धा थांबायला शिकलं.
माझ्या लग्नातही वाजलं.
मी मोटारीत, डोळ्यांपुढं मोगऱ्याची झालर,
आणि त्या एका कोऱ्या श्वासात
मागं कुठंतरी चालणाऱ्या अब्बांचा खोकला
स्वच्छ ऐकू आला.

परवा लेकानं फोनवर लावलं. अख्खं.
'उंब' आलं, 'ऱ्यापाशी'पण आलं,
मग दुसरं कडवं, सतार, तिसरं कडवं.
वाईट नव्हतं.
निरोप घेऊन झाल्यावर पाहुणे
चप्पल घालून दारातच बोलत उभे राहतात,
तसं ऐकत राहिले.
खोकला कुठंच नव्हता.

सदबाचा नातू हल्ली बेंजो पार्टी चालवतो.
त्याला म्हटलं, अरे, ते गाणं पुढं आहे, चांगली दोन कडवी.
तो वायरीला टेप गुंडाळत होता.
वर न बघताच म्हणाला,
'पुढं कुठलं वो काकी?
ते तिथंच सरतंय की.'